अण्णांचा ॲम्प्लिफायर आणि दोन बिघाड

सोमवार, ४

बिघडलेलं यंत्र हातात घेतलं की पहिला नियम म्हणजे काय केलं ते लिहून ठेवायचं. हा नियम मी आजवर दुसऱ्यांना सांगत आलो. आजपासून स्वतः पाळायचं ठरवलंय, कारण या वेळी पेशंट घरातला आहे आणि नातेवाइकांची नजर माझ्यावर आहे.

पेशंट म्हणजे सासरेबुवांचा जुना ॲम्प्लिफायर. लोखंडी पत्र्याचं अवजड धूड. उचलताना पाठीतून असा आवाज येतो की ॲम्प्लिफायर लागतच नाही. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अण्णा आमच्याकडे आले, तेव्हा औषधांची पिशवी विसरले पण हे धूड मांडीवर घेऊन आले. प्रवासात त्याला काहीतरी झालं. तेव्हापासून मुका आहे.

डोळा आता ठणठणीत आहे. आज जेवताना अण्णांनी जाहीर केलं, "हा वाजायला लागला की मी निघतो. लेकीकडे पाहुणा म्हणून यावं आणि पाहुण्यासारखं जावं."

मी म्हटलं, "अण्णा, आठ दिवसांत वाजवून दाखवतो. तुम्हीही सुटाल आणि माझी खोलीही मोकळी होईल!"

अण्णांची सोय माझ्या कामाच्या खोलीत केली आहे ना, म्हणून हा विनोद. अण्णा हसले. बायको हसली नाही. तिला माझे विनोद उशिरा कळतात.

मंगळवार, ५

आज कव्हर उघडलं. आत इतकी धूळ की पेरलं तर उगवेल. माझा पोटापाण्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा, दातांच्या डॉक्टरांच्या लॅबमध्ये. त्यामुळे माझ्याकडे अशी हत्यारं आहेत जी बाकीच्या हौशी मंडळींना स्वप्नातही मिळायची नाहीत. दाढेमागे बघायचा छोटा आरसा सर्किटच्या खाली सरकवला की सगळे डाग दिसतात. (डाग म्हणजे सोल्डरने केलेले जोड. बायकोला हे एकदा समजावून सांगावं लागलं होतं, कारण ती फडकं घेऊन आली होती.)

फ्यूज जळलेला निघाला. तो बदलून भागणार नाही, तो का जळला ते शोधायला हवं. जळका फ्यूज कवळीच्या रिकाम्या डबीत टाकला. जुने जळके फ्यूज मी फेकत नाही. का ते विचारू नये, डबी आहे म्हणून ठेवतो.

बायकोने दारातून विचारलं, "किती दिवस लागतील?"

"चार. फार तर पाच."

"इतकी घाई नको करू. नीट वेळ घेऊन कर."

ऐकतच राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या छंदाला हिने वेळ घे म्हणावं हे पहिल्यांदाच घडलं. ती बस कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची घाई ऐकून तिला घाईचा कंटाळा आला असावा. पण मला बरं वाटलं.

गुरुवार, ७

बिघाड सापडला! वीजपुरवठ्याच्या भागात एक डाग केसाएवढा तडकला होता. आरशाशिवाय दिसलाच नसता. शिवाय दोन कपॅसिटर फुगलेले. नवे टाकले. उरलेलेही बदलून टाकावेत, जरा वरच्या दर्जाचे, असा माझा विचार होता, पण अण्णांनी टॉर्च खाली केला.

"जावईबापू, बिघडलंय ते दुरुस्त करा. चांगलं आहे ते सुधारू नका."

"अण्णा, आवाज आणखी मोकळा होईल."

"मी त्यावर हवामानाचे अंदाज ऐकतो. आर्द्रता मोकळी करून काय करू?"

हे खरं आहे. अण्णा आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होते आणि या धुडाला रेडिओ जोडून रोज हवामानाच्या बातम्या ऐकायचे. गाणी लागली की बंद. लोक असल्या यंत्रावर काय काय ऐकतात, आणि हा माणूस ऐकतो वारा ईशान्येकडून वाहील. मी कपाळावर हात मारला, पण कपॅसिटर तसेच ठेवले.

टॉर्च मात्र छान धरतात. मध्येच हात आखडत नाहीत, मध्येच भलतीकडे वळवत नाहीत. मला वाटायचं त्यांना कंटाळा येत असेल, म्हणून दोनदा म्हटलं, "अण्णा, तुम्ही आराम करा." ते म्हणाले, "आरामच करतोय."

रविवार, १०

वाजला!

सकाळी बटण दाबलं, दिवा लागला, आतला रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा स्विच, टक् म्हणाला, आणि खोली भरून बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज आला, कमाल तापमानात किंचित वाढ. तापमानवाढीची बातमी ऐकून इतका आनंद झालेला माणूस जगात दुसरा नसेल. मी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "गुण आहे तुमच्या हाताला." मग स्टूलवर चढून माळ्यावरची बॅग खाली काढली.

बायको म्हणाली, "अण्णा, लगेच काय? नीट वाजतोय का ते दोन दिवस बघा तरी."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले, आणि बॅग पलंगाखाली सरकवली.

मी म्हटलं, "दोन दिवस कशाला, माझी गॅरंटी आहे!" बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या खिडकीवर उलटं तिकीट घेऊन आलोय. दुपारच्या चहात साखर नव्हती.

सोमवार, ११

गॅरंटी एक दिवस टिकली. हात दाखवून अवलक्षण ते हेच. बायकोला आज सुट्टी होती, मी लॅबमधून आलो तर तिने दारातच सांगितलं, "तुझं धूड बंद पडलंय."

फ्यूज जळलेला. शॉर्ट कुठेही नाही. मीटर लावून तासभर शोधलं. सगळं निरोगी, फक्त फ्यूज मेलेला. नवा टाकला, वाजला. मेलेला डबीत टाकला.

अण्णांना तोंड दाखवायची लाज वाटली. पण ते इतके समजूतदार की उलट मलाच म्हणाले, "होतं असं. जुनं यंत्र आहे. चार दिवस थांबावं लागलं तर थांबू." असा सासरा नशिबाने मिळतो.

बुधवार, १३

आता नवीनच. दिवा लागतो, रिले टक् म्हणतो, फ्यूज धडधाकट, पण आवाज नाही. काल आणि आज, दोन्ही संध्याकाळी पूर्ण उघडून बसलो. प्रत्येक भाग तपासला. अण्णा टॉर्च धरून शेजारी. त्यांनी नद्या दिशा कशा बदलतात ते सांगितलं, एका वर्गाने नकाशात समुद्र हिरवा रंगवला होता ते सांगितलं. मी इतका हसलो की हातातला स्क्रू आत पडला आणि तो शोधण्यात अर्धी संध्याकाळ गेली.

शेवटी कळलं. समोर टेपचं बटण असतं. ते दाबलेलं असलं की यंत्र टेप रेकॉर्डरचा आवाज शोधत बसतं, आणि टेप रेकॉर्डर तर आमच्याकडे नाहीच. बटण दाबलेलं होतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आख्खं यंत्र खोललं आणि बटण नाकासमोर.

"माझंच कोपर लागलं असणार," मी म्हटलं.

अण्णांनी टॉर्च विझवला. "असेल, असेल. तुमचं कोपर आहेच जरा मोठं."

शनिवार, १६

दोन दिवस नीट होता, म्हणून काल अण्णा पुन्हा बॅगेकडे बघायला लागले. आज दुपारी पुन्हा मुका. मागच्या बाजूला दोन वाकड्या पिना असतात, आतल्या दोन भागांना जोडणाऱ्या. त्या सैल होऊन बाहेर आलेल्या. त्या बसवल्या, तर संध्याकाळी फ्यूज गेला.

पिना आपोआप कशा निघाल्या? माझा सिद्धांत असा, की खालच्या स्वरांच्या कंपनाने त्या हळूहळू सरकतात. बायको म्हणाली, "हवामानाच्या बातम्यांत कसले खालचे स्वर?" मी म्हटलं वादळाची बातमी असेल. ती आत गेली. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. आजकाल ती माझ्या विनोदांवर लवकर हसते.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मेलेले फ्यूज मी डबीत टाकतोय, टाकतोय, पण डबी काही भरत नाही. बहुधा साफसफाईत कुणी फेकत असेल.

रविवार, १७

आज अण्णांनी मला चकित केलं. चहा झाल्यावर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "जावईबापू, या यंत्रात अजून बिघडण्यासारखं काय काय आहे, ते मला समजावून सांगाल का?"

या वयात ही जिज्ञासा! ज्या माणसाला बल्ब कोणत्या दिशेने फिरवायचा हे विचारावं लागतं, तो मला विचारतोय. मी कागद घेतला, चित्र काढलं, आणि एकूण एक नाजूक जागा दाखवल्या. स्पीकरच्या तारा मागे चिमट्यांत धरलेल्या असतात, त्या अर्ध्या निसटल्या तर एकच बाजू बंद पडते. रेडिओचा प्लग जरा बाहेर आला तर नुसती गुणगुण येते. अण्णा मन लावून ऐकत होते. मध्येच विचारलं, "आणि यातलं कशामुळे यंत्राचं कायमचं नुकसान होत नाही?"

शिक्षक तो शिक्षकच. प्रश्न कसा नेमका!

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनेही विचारलं, "आणि फ्यूज गेल्याने?"

"फ्यूज असतोच मरण्यासाठी," मी म्हटलं. "तो गेला की बाकी सगळं वाचतं."

घरात दोघांनाही एकदम माझ्या छंदात रस निर्माण झालाय. सत्संगाचा परिणाम म्हणायचा.

मंगळवार, १९

माझं भाकीत खरं ठरलं! काल डावी बाजू बंद, स्पीकरची तार चिमट्यातून निसटलेली. मी अण्णांना म्हटलं, "बघा, कालच सांगितलं होतं ना, ही जागा नाजूक आहे?" अण्णा म्हणाले, "तुमचा अभ्यास दांडगा आहे." आज फ्यूज.

पण आता मात्र माझी झोप उडाली आहे. यातून काही अर्थच लागत नाही. कुठलंही एक कारण घेतलं तर अर्धी लक्षणं जुळतात आणि अर्धी वेडावून दाखवतात.

लॅबमध्ये डॉक्टरांनी विचारलं, चेहरा का पडलाय. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही, तरी सगळं सांगितलं. ते एका कवळीचा चावा तपासत होते. म्हणाले, "अहो, पेशंटच्या एकाच वेळी दोन दाढा किडलेल्या असतात. तो एकीकडेच बोट दाखवतो. आपण तिचीच मुळं शोधत बसलो की ठणका थांबत नाही, आणि आपल्यालाही वेड लागतं. दोन आहेत असं एकदा मानून बघा."

दोन! बिघाड एक नाही, दोन आहेत. एकमेकांशी संबंध नसलेले. मी इतक्या जोरात "दोन!" म्हणालो की बाहेर बसलेल्या पेशंटने जबडा धरला.

बुधवार, २०

आज मागची सगळी पानं वाचली आणि बिघाड दोन गटांत वाटले. पहिला गट फ्यूजचा. दुसरा गट तारा, पिना आणि बटणाचा. मग प्रत्येक वेळी घरात काय चालू होतं ते आठवलं, आणि युरेका! फ्यूज जातो तेव्हा प्रत्येक वेळी बायको घरी असते. दुसरा गट होतो तेव्हा ती बहुतेकदा कामावर असते.

बायको घरी असली की काय चालतं? कपडे धुण्याचं मशीन! ते सुरू होताना विजेचा झटका बसतो आणि फ्यूज जातो. आणि ती नसली की घर शांत असतं, त्यामुळे अण्णा रेडिओ मोठा लावत असणार, म्हणून कंपनाने तारा निसटतात. सगळं चपखल बसलं. मी स्वतःवर इतका खूश झालो की आरशात बघून आलो.

बायकोला सांगितलं, "हे बघ, अण्णा आहेत तोवर मशीन फक्त मी सांगेन तेव्हाच लाव."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. बरं. मी वाद घालायची तयारी करून गेलो होतो. का कोण जाणे, पण तिने एकदम मान खाली घातली आणि मग हसू लपवण्यासारखं तोंड करून निघून गेली. शिव्या खायच्या त्या मशीनने खाल्ल्या. आता वाटतं, चोर सोडून संन्याशाला फाशी तर झाली नाही ना? पण पुरावा तर मशीनविरुद्धच आहे.

शुक्रवार, २२

दोन दिवस खपून मी अण्णांचा ॲम्प्लिफायर अभेद्य केला आहे. विजेचा झटका शोषणारा डबा लावला. आणि मग माझी खास युक्ती: लॅबमधून कवळीचं गुलाबी मेण आणलं. कवळीचे दात आम्ही आधी या मेणात बसवून बघतो. जरा गरम केलं की मऊ होतं, थंड झालं की टणक. फ्यूजचं झाकण, दोन्ही पिना, चारही चिमटे, रेडिओचा प्लग, सगळ्यांवर मेणाचा थर. आता भूकंप झाला तरी काही हलायचं नाही. दिवसभर मोठ्या आवाजात चालवला. काहीही झालं नाही.

अण्णांनी मागची बाजू नीट न्याहाळली. बोटाने मेण चाचपून पाहिलं. "झालं तर मग," म्हणाले. "पक्कं काम केलंत." मग बायकोला म्हणाले, "रविवारचं तिकीट काढून आण."

तिने आणलं. कंपनीतलीच आहे, रांग लावावी लागत नाही. तिकीट टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो, कौतुक ऐकायला. ती भांडी आदळत होती.

"मिळेल आता तुझी खोली," ती म्हणाली.

"माझी खोली?"

"तीच हवी होती ना? पहिल्या दिवशीच म्हणालास. अण्णांच्या तोंडावर."

मला आधी आठवेना. मग आठवलं. "अगं, तो विनोद होता."

"त्यांना सांगितलंस का, विनोद होता म्हणून?" तिने नळ बंद केला. "तिकडे ते एकटे. मागच्या वर्षी जिन्यावरून पडले, कुणाला कळवलं नाही. व्हिडिओ कॉलवर हाताचं प्लॅस्टर दिसलं तेव्हा कळलं. आता पुन्हा काही झालं तर? पण मी कुठल्या तोंडाने त्यांना राहा म्हणू? घर काही माझ्या एकटीचं नाही."

मी म्हटलं, "पण त्यांनाच जायचंय. ते रोज बॅगेकडे बघतात."

तिने पुन्हा नळ सोडला. मी बाहेर येऊन बसलो. खरं लिहायचं तर मला फार वाईट वाटलं. तिने मला आजवर एकदाही हे विचारलं नाही, आणि विचारावं असं तिला वाटलंही नाही, याचं जास्त वाईट वाटलं. अण्णांना जायचंय म्हणूनच मी जिवाचं रान करत होतो. की मी दुरुस्त करतोय म्हणून त्यांना जावं लागतंय? हे दोन्ही एकत्र डोक्यात बसेना.

शनिवार, २३

अर्धा दिवस होता. घरी आलो, तेव्हा अण्णा पाय मोकळे करायला गेले होते आणि बायको अंघोळीला. सवयीने ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं. दिवाच नाही.

मागे वाकून बघितलं. फ्यूजच्या झाकणावरचं मेण गोल कापलेलं. अगदी नीट, चाकूने केक कापावा तसं. आत जळका फ्यूज. आणि त्याच वेळी पिनांवरचंही मेण उचकटलेलं, पण ते ओबडधोबड, नखाने. दोन्ही पिना बाहेर.

मी दाढेमागचा आरसा घेऊन पुन्हा बघितलं, जणू आरशात वेगळं दिसणार होतं. विजेचा झटका मेण कापत नाही. कंपन नखाने मेण उचकटत नाही.

तरीही मी मूर्खासारखा उंदरांचा विचार करत होतो. खरंच. जेवायला बसेपर्यंत डोक्यात उंदीर होता.

मग बायकोने वाढायला हात पुढे केला. अंगठ्याच्या नखात गुलाबी मेण. ते मेण नखात गेलं की सहज निघत नाही. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांची नखं तशीच. मी भात कालवायचा थांबलो. तेवढ्यात अण्णांनी पाण्याचा पेला उचलला. त्यांच्याही नखात गुलाबी.

दोघं एकमेकांकडे न बघता जेवत होते. तिला त्यांचं माहीत नाही, त्यांना तिचं माहीत नाही, हे स्पष्ट दिसत होतं. मला एकदम सगळं आठवलं. न भरणारी डबी, जिच्यातले मेलेले फ्यूज परत यंत्रात जात होते. मोठं कोपर. "यातलं कशामुळे कायमचं नुकसान होत नाही?" आणि मी त्यांना चित्र काढून दिलं होतं!

हसू दाबताना ठसका लागला. दोघांनी एकदम पाणी पुढे केलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. भात तिखट आहे."

भातात काहीच नव्हतं. मी म्हटलं, आज ॲम्प्लिफायर लावत नाही, उद्या निघायच्या आधी एकदा वाजवू आणि मगच बांधू. दोघांनी मान हलवली. उद्या यंत्र मुकं निघेल, अण्णा थांबतील आणि मी निवांत बसून नीट शब्द शोधीन, असा माझा बेत.

रविवार, २४

उठल्याबरोबर आधी यंत्राकडे गेलो. अण्णा दाढी करत होते, बायको डबा भरत होती. मागे वाकून बघितलं. पिना जागेवर, घट्ट. फ्यूज नवा, चांगला. दोघांनीही सगळं सरळ करून ठेवलं होतं. दोघांनीही हार मानली होती.

पलंगावर बॅग भरून तयार. वर घडी केलेला टॉवेल. खोली इतकी आवरलेली, की इथे कुणी राहिलंच नसावं. शब्द शोधायला आता वेळच नव्हता. मग मी आयुष्यात प्रथमच एक चालू यंत्र मुद्दाम बंद पाडलं.

अण्णा आले. कपडे करून, केस विंचरून. "लावा एकदा," म्हणाले. "मग बांधू."

मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"असं कसं होईल?" अण्णा पुढे आले. "पिना तर मी सकाळीच पुन्हा घट्ट..." आणि थांबले.

"फ्यूज पण मी चांगलाच घातला होता..." बायको दारातून म्हणाली, आणि तीही थांबली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"म्हणजे फ्यूज तू?"

"म्हणजे ते बटण तुम्ही? अण्णा! तुम्हाला तर स्क्रू-ड्रायव्हर सुलटा धरता येत नाही!"

"बटणाला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही," अण्णा म्हणाले. मग त्यांना माझी आठवण झाली. तोंड कसंनुसं झालं. "जावईबापू, माफ करा. तुमची इतकी मेहनत... मला वाटलं, आणखी चार दिवस. संध्याकाळी आपण बसायचो ना, टॉर्च घेऊन. तिकडे संध्याकाळ फार मोठी असते."

"पण मग आता हा बंद का?" बायको म्हणाली.

मी खिशातून फ्यूज काढून टेबलावर ठेवला.

बोलायची पाळी माझीच होती, आणि तयार शब्द एकही नव्हता. म्हटलं, "अण्णा, जाऊ नका. खोलीचं बोललो तो विनोद होता, आणि वाईट होता. मला खोली नको. तुम्ही गेलात तर मी तिथे एकटा बसून काय करू? टॉर्च कोण धरणार? आणि हे धूड बिघडवणार कोण?"

"मी आहे की," बायको म्हणाली, आणि रडायलाच लागली. हसत हसत.

अण्णा पलंगाच्या कडेवर बसले. बॅगेवर हात ठेवून. "पाहुण्याने किती राहायचं याला काही मर्यादा असते," म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"म्हणूनच म्हणतोय. पाहुणा म्हणून नका राहू."

त्यांनी लेकीकडे बघितलं. "आणि तिकिटाचं काय?"

तिने पदराने डोळे पुसले. "तिकीट रद्द करायची खिडकी माझ्या शेजारीच आहे. तिथली बाई माझ्याच डब्यातलं जेवते."

अण्णांनी बॅगेची चेन उघडली, टॉवेल बाहेर काढला आणि दारामागच्या खुंटीवर टांगला. मला म्हणाले, "तो फ्यूज आधी घाला. आठच्या बातम्या चुकतील."

शनिवार, ३०

माझं टेबल हॉलमध्ये आलं. बायको म्हणते सोल्डरचा वास येतो, पण हलव म्हणत नाही. अण्णांनी तिकडच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे द्यायची व्यवस्था फोनवरून केली. सहा दिवस ॲम्प्लिफायर एकदाही बिघडला नाही. संध्याकाळी जरा चुकल्यासारखं होत होतं. मी अण्णांना म्हटलंही, ते दुसरे कपॅसिटर बदलायचे का? ते म्हणाले, "बदला. पण सगळे एकदम नको. रोज एक."

आज उजवी बाजू गेली.

"मी नाही," अण्णा म्हणाले.

"मीही नाही," बायको म्हणाली. "डबी बघ हवी तर."

आणि मीही नाही, हे मी शपथेवर सांगितलं. कुणाचाच कुणावर विश्वास बसला नाही. तिघांची नखं तपासली. स्वच्छ. म्हणजे बिघाड खरा होता, अगदी अस्सल, कुणाच्याही हातचा नव्हे! मी कव्हर उघडायला घेतलं. अण्णांनी टॉर्च धरला. बायकोने स्वतःसाठी खुर्ची ओढली आणि विचारलं, आधी काय बघायचं असतं.